ब्रदर्सवाल्यांची कमलक्का

कमल,

तुझ्या तिरडीला पहिला खांदा मी दिला नाही, हे तुला सांगायलाच पाहिजे. मी आपल्या लेकीला, मंजूला धरून दारात उभा होतो, तोवर बाहेर पिवळ्या जर्सीतल्या पोरांनी तुला उचललंसुद्धा. ठाणाकुशनूरहून माझे चुलतभाऊ आले होते, तुझ्या माहेरचे आले होते, पण सगळे मागं. सगळ्यांत पुढं रझाकभाई. तो ब्रदर्स फुटबॉल क्लबचा जुना कॅप्टन, आता पोरांना शिकवतो. एक गुडघा कामातून गेलेला, नीट चालता येत नाही, तरी पुढचा बांबू त्यानं सोडला नाही.

चुलतभाऊ माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "हे कोण लोकं हाईत? घरचे आपण हाव का हे?"

मी काय सांगणार? नौबादच्या वळणावर मी पुढं होऊन बांबूला हात घातला. तिथला पोरगा बाजूला सरकला आणि म्हणाला, "आवो काका, आवो." पाहुण्याला जागा करून देतात, तशी त्यानं मला जागा करून दिली.

त्या दिवशी मी रडलो नाही. लोकांना वाटलं, माणूस घट्ट आहे. मी घट्ट नव्हतो, जळत होतो. माझ्या बायकोला खांदा द्यायला मला परक्यानं वाट दिली, हेच डोक्यात घोळत होतं. तू असतीस तर पदर तोंडाला लावून हसली असतीस, आणि मी आणखी चिडलो असतो.

तुला बघायला आलो तो दिवस आठवतो. तुमचं घर स्टेडियमच्या भिंतीला लागून. तुझे अप्पा पोस्टात होते. चहा चालू असताना भिंतीवरून एक चेंडू आला आणि थेट तुमच्या तुळशीपाशी पडला. माझी आई दचकली. तू मात्र सवयीनं उठलीस, चेंडू उचललास आणि भिंतीपलीकडं असा फेकलास की माझ्या हातातली बशी वाकडी झाली. मग परत येऊन पदर सावरून बसलीस. आईनं विचारलं, "काय येतं पोरीला?" तू म्हणालीस, "सगळं येतं. पण एक सांगायचंय. रविवारी ब्रदर्सची मॅच असली की मी जाणार."

"कसली म्याच?" आई म्हणाली.

तुझे अप्पा हसले, मग आम्हीही हसलो. मला वाटलं, पोरगी गमतीदार आहे. लग्न होऊन दुसरा रविवार आला, तू जेवणं आवरलीस, चप्पल घातलीस, तेव्हा कळलं की गंमत नव्हती.

दारात थांबून तू विचारलंस, "अहो, येता का?"

"दुकान कोण बघंल?"

"एक दिवस बंद ठिवलं तर काय हुतंय?"

"रविवारीच तर गावाकडची लोकं बी-बियाणं घ्यायला येत्यात."

"बरं मग, बसा," म्हणालीस आणि निघालीस. पुढं कितीतरी वर्षं आपलं हे बोलणं असंच झालं. तू विचारायचं थांबवलं नाहीस, मी यायला सुरुवात केली नाही.

स्टेडियम म्हणजे काय, तर फाटकावर तसं रंगवलेलं होतं म्हणून स्टेडियम. एका बाजूला सिमेंटच्या पायऱ्या, बाकी तीन बाजूंना भिंत, मधे आपल्या बिदरची लाल माती. गणपतीत तिथं मांडव पडायचा, निवडणुकीत सभा व्हायच्या, उन्हाळ्यात पाळणे यायचे. उरलेल्या दिवसांत फुटबॉल. मांडव उठला की खांबांचे खड्डे राहायचे. एकदा ते बुजवायला तू घरातलं घमेलं घेऊन गेलीस. दिवसभर पोरांबरोबर माती ओढलीस. साडीचे काठ लाल करून आलीस, ते पुन्हा कधी पांढरे झाले नाहीत. आपल्या परसातला नळाजवळचा खड्डा मात्र पुढच्या दिवाळीपर्यंत तसाच होता. हे मी तेव्हा बोललो नाही. आता बोलतो.

आणि धपाटी. मॅचच्या दिवशी तू सकाळी उठून ज्वारीची धपाटी थापायचीस, डबा भरून न्यायचीस. त्यातली दोन माझ्यासाठी ठेवायचीस. एकदा रझाकभाई दुकानात खत घ्यायला आला आणि बोलता बोलता म्हणाला, "भाई, अक्का के धपाटे में तीळ क्या मस्त रहता!" कमल, माझ्या धपाट्यात तीळ नसायचा. मी घरी येऊन विचारलं तर म्हणालीस, "तुमच्या दातात अडकतो म्हणून घालत न्हाई." माझ्या दातात अडकतो हे खरंच होतं. तरी त्या दिवशी माझा जीव जळला तो जळलाच. दुसऱ्याला तीळ मिळतो आणि आपल्याला मिळत नाही, यात दाताचा काय संबंध?

माझी आई सगळ्यांना सांगायची, "सून गरीब हाय माझी. आवाज न्हाई तिला." ती खोटं बोलत नव्हती. घरात तू दोन शब्दांत काम भागवायचीस. 'व्हय', 'न्हाई', 'ठिवते', 'जेवा'. भांडण झालं तरी तू बोलायची नाहीस, पातेली जरा जोरात ठेवायचीस इतकंच. मला वाटायचं, माझ्या बायकोचा स्वभावच असा.

म्हणून मला संशय आला. खोटं कशाला बोलू? जी बाई घरात बोलत नाही ती दर रविवारी इतक्या ओढीनं जाते, म्हणजे तिथं कोणीतरी असणार. क्लबचं नावच ब्रदर्स, तरी संशय आला. मंजूच्या वेळी तुला दिवस जायच्या आधीची गोष्ट. एका रविवारी शेजारच्याला गल्ल्यावर बसवलं आणि तुझ्या मागं निघालो. फाटकाच्या खांबाआड उभा राहिलो.

तू पायऱ्यांवर उभी होतीस. पदर कमरेला खोचलेला. आणि तू ओरडत होतीस. आपल्या पोरांना मराठीत, "सोन्या, मागं बघ की रे, मागं!" रझाकला त्याच्या बोलीत, "पास दे रे, अकेला कायकू भागरा!" रेफरी गुलबर्ग्याचा होता, त्याला कन्नडात, "कण्णु इल्ला एनु?" तुला डोळे नाहीत का, असं एका परक्या बाप्याला भर मैदानात विचारत होतीस. आजूबाजूचे लोक हसत होते, तुझ्याच मागून ओरडत होते. तुझा चेहरा तांबडालाल झालेला. लग्नाच्या फोटोत नाही, मंजू झाली तेव्हा नाही, तसा चेहरा मी पुन्हा कधी पाहिला नाही.

संशय तिथंच गेला. तुझं मन कुठल्या एका माणसात नव्हतं, सगळ्या मैदानात पसरलेलं होतं. पण मी घरी परतलो तो हलक्या मनानं नाही. माणूस असता तर बरं झालं असतं, असं वाटलं. माणसाशी भांडता येतं. त्याच्यापेक्षा आपण कुठं कमी पडतो ते बघता येतं. मैदानाशी काय भांडू? तुला मी काही बोललो नाही. तू संध्याकाळी आलीस, पाय धुतलेस, "जेवा" म्हणालीस.

मंजू तान्ही असल्यापासून तू तिला तिकडं नेलंस. तिचा पहिला शब्द 'गोल' होता, असं तू जगाला सांगत सुटलीस. पायऱ्यांवरच्या सगळ्यांनी ऐकला म्हणे. मी अजूनही सांगतो, पोरगी 'गोड' म्हणाली होती. मी तिच्या जिभेला बोटानं गूळ लावला होता, माझ्या मांडीवर, दुकानात, त्याच आठवड्यात. तू म्हणायचीस, "सगळं मैदान साक्षीला हाय." मी म्हणायचो, "माझ्या बाजूनं गूळ हाय." हे भांडण आपलं मिटलं नाही. तुझ्या तेराव्याला मंजू हैदराबादला परत निघाली, तेव्हा मी तिला विचारलं, तुला काय वाटतं? ती म्हणाली, "पप्पा, मला कसं आठवंल?" आणि रडायला लागली. मग मी तो विषय सोडून दिला. पण सोडला म्हणजे हरलो नाही, हे लक्षात ठेव.

तुझ्या हृदयाची झडप बिघडली तेव्हा डॉक्टरांनी सगळ्यांत आधी काय सांगितलं? जिने चढायचे नाहीत, मीठ कमी, आणि ओरडायचं नाही. मला हसू आलं, ते डॉक्टरांना कळलं नाही. तू खिडकीतून बाहेर बघत होतीस. सगळा पावसाळा तू घरी होतीस. रविवारी दुपारी लांबून मैदानातला गलका यायचा आणि तू भाजी निवडता निवडता थांबायचीस. हातात मेथीची काडी तशीच. मी दुकान लवकर बंद करून घरी यायला लागलो होतो. मला वाटायचं, आता निदान रविवार माझा. पण तू माझ्यासमोर बसून त्या गलक्याकडं कान लावायचीस. कोणाला गोल झाला ते तुला आवाजावरून कळायचं.

मग गुलबर्ग्याच्या टीमबरोबरची ती फायनल आली. तू म्हणालीस, "मला न्या."

"डॉक्टर काय बोलले ऐकलं न्हाईस का?"

"ओरडणार न्हाई. नुसती बसते."

"तुला जमतंय का ते?"

"न्हाई जमलं तर तुम्ही तोंड दाबा," म्हणालीस. आणि मग, सगळ्या आयुष्यात पहिल्यांदा, माझा हात धरून म्हणालीस, "न्या की हो."

मी रिक्षा आणली. उशी ठेवली, पाण्याची बाटली, गोळ्या. फाटकापाशी रिक्षा थांबली आणि पायऱ्यांवरून कोणीतरी ओरडलं, "कमलक्का आ गए!" नंतर काय झालं ते मी शब्दांत सांगू शकत नाही. पायऱ्या सगळ्या उभ्या राहिल्या. चार पोरं प्लास्टिकची खुर्ची घेऊन पळत आली, आणि तुला तीत बसवून उचलून घेऊन गेली. नवरीला नेतात तशी. माझ्या हातात गोळ्यांची पिशवी राहिली. मी फाटकाशी थांबलो. आत जायला कोणी अडवलं नव्हतं, पण बोलावलंही नव्हतं.

तू शब्द पाळलास. पदराचा बोळा तोंडात धरून बसलीस. आपल्या पोरांनी गोल केला तेव्हा सगळं मैदान ओरडलं, आणि ओरडता ओरडता सगळ्यांनी तुझ्याकडं बघितलं. तू दोन्ही हात वर केले होतेस. तोंड बंद, डोळ्यांतून पाणी. ज्यानं गोल केला तो पोरगा पळत पायऱ्यांपर्यंत आला, तुझ्या पायाला हात लावून परत गेला.

रिक्षातून येताना तू विचारलंस, "बघितलंत का?"

"बघितलं."

"काय बघितलंत?"

"तुला."

तू चिडलीस. खरोखर चिडलीस. "मला काय बघायचंय? मी घरी हायच की. गोल बघायचा हुता!"

"घरी तू अशी नसतीस," मी म्हणालो. इतक्या वर्षांनी पहिल्यांदा तोंडातून निघून गेलं.

तू माझ्याकडं बघितलंस. म्हणालीस, "तिथं मी..." आणि तुला दम लागला. मी पाण्याची बाटली उघडली. घर आलं, तुला धरून उतरवलं, अंथरुणावर टेकवलं. वाक्य राहिलं ते राहिलं. नंतर मी एकदोनदा विचारणार होतो. पण आजारी माणसाला 'त्या दिवशी तू काय म्हणत होतीस' असं विचारायला जीभ वळली नाही. आणि मग तू गेलीसच, एका सकाळी, चहाचा कप अर्धा ठेवून.

आता मी दुकानात बसून ते वाक्य पुरं करत असतो. तिथं मी सुखी असते. तिथं मी अप्पांची पोर असते. तिथं मी कोणाची कोणी नसते. एकही नीट बसत नाही. तुझा आवाज त्यात येत नाही.

तेरावं झाल्यावर रझाकभाई आला. दुकानात बसला, गुडघा चोळत. म्हणाला, "भाई, मैदान में अक्का की जगा है ना, वो खाली रखते हम. पिवळा रंग देते. कोई नक्को बैठने का वहाँ. आप हौ बोले तो करते."

मी म्हणालो, "आधी बघतो."

"आव ना इतवार को," तो म्हणाला. "कब्बी आए नहीं आप."

रविवारी मी दुकान बंद केलं. शटर ओढलं तेव्हा शेजारच्यानं विचारलं, "कामून? तब्येत बरी न्हाई का?" मी कुलूप लावलं आणि निघालो.

फाटकातून आत गेलो तशी पायऱ्यांवर कुजबूज झाली. एक पोरगा दुसऱ्याला म्हणाला, "गोलकीपर आए." मला वाटलं, कोणी खेळाडू आला. मागं बघितलं, मागं कोणी नव्हतं. ते माझ्याकडंच बघत होते.

रझाकभाई ओशाळला. म्हणाला, "अक्का बोलते थे आपकू. गोलकीपर. हमारे मालक गोलकीपर हैं बोलते थे. सब लोगां आगे भागते, वो एकले पीछे खडे रहते, जगा नहीं छोडते."

"चिडून म्हणायची का?"

तो म्हणाला, "चिढ के भी बोले. अच्छे से भी बोले. हर हफ्ते बोलते थे कुछ ना कुछ." मग तिथं बसलेल्या एका म्हाताऱ्यानं मला विचारलं की मी अजून बियाणं मोजताना गुणगुणतो का. दुसऱ्यानं विचारलं, कंबर कशी आहे. गावाकडच्या शेतात मी तुरीत काकड्या लावतो, पहिली काकडी बायकोला आणतो, हेही त्यांना माहीत होतं. कमल, माझी सगळी बित्तंबातमी त्या पायऱ्यांवर होती. मी कधी तिथं गेलो नव्हतो आणि तरी दर रविवारी तिथं होतो.

तू म्हणशील, आता तरी बरं वाटलं असेल. नाही वाटलं. मला आणखी हेवा वाटला. माझी काकडी गोड निघाली हे तू त्यांना सांगितलंस. मला काय सांगितलंस? "ठिवा तिथं." मी त्या म्हाताऱ्याकडं बघत होतो आणि मनात म्हणत होतो, हे माझं होतं रे बाबा, हे मला ऐकायचं होतं.

रझाकभाईनं तुझी जागा दाखवली. कोणीतरी झेंडूची फुलं ठेवली होती. दोन्ही बाजूंना माणसं दाटीनं बसलेली आणि मधे तेवढी जागा मोकळी. म्हणाला, "इधर कोई नहीं बैठता अब."

मी फुलं उचलली, हातातल्या पिशवीत ठेवली आणि तिथं बसलो.

रझाकभाई हळूच माझ्या खांद्यावर हात ठेवून गेला. त्यांना वाटलं, नवऱ्याचं प्रेम. असेलही थोडं. पण खरं तुला सांगतो, तुझी जागा ते राखतायत हे मला बघवलं नाही. माझ्या बायकोची आठवण त्यांनी रंग देऊन ठेवायची आणि मी लांबून बघायची? राखायचीच असेल तर मी राखतो. रविवारी दुकान बंद.

मॅच बघितली. मला काही कळलं नाही. आपली पोरं हरली, असं शेजारच्यांच्या तोंडावरून कळलं. मधेच तो म्हातारा वाकून म्हणाला, "अक्का असत्या तर आज रेफरीची खैर नव्हती. घरात पण अशाच का हो ओरडायच्या?"

सगळे माझ्याकडं बघायला लागले. इतका वेळ ते सांगत होते आणि मी ऐकत होतो. आता पहिल्यांदा त्यांना माझ्याकडून काहीतरी हवं होतं.

मला सोमवार आठवला. मॅचनंतरच्या सोमवारी तुझा आवाज पार बसलेला असायचा. घशातून नुसती हवा यायची. मला लांबून हाक मारता यायची नाही, म्हणून तू दुकानात यायचीस, माझ्या अगदी कानाशी तोंड आणायचीस आणि सांगायचीस, डाळ संपली. दूधवाला आला होता. संध्याकाळी लवकर या. तुझा श्वास कानाला लागायचा. गिऱ्हाइकं बघायची, मी लाजायचो. तेव्हा मला वाटायचं, मैदानानं आवाज घेतला आणि उरलासुरला माझ्याकडं पाठवला. पण कमल, तो आवाज तिथं बसलेल्या कोणीच ऐकला नव्हता. सगळ्या बिदरात तो मी एकट्यानं ऐकला.

"सांगा की," म्हातारा म्हणाला.

"कमी बोलायची," मी म्हणालो, आणि मैदानाकडं बघत राहिलो.